भाता नसलेली पेटी

अण्णा, तुम्ही गेल्यापासून मी वाजवते ती तुमची पेटी आता आप्पांच्या गळ्याला पुरत नाही. पेटी ठणठणीत आहे, भाता बदलून घेतला, सूरही लावून घेतले. उतरलाय तो आप्पांचा गळा. वडगावच्या साड्यांच्या कारखान्यात तुमच्या शेजारच्या मागावर उभे राहणारे आणि गुरुवारच्या भजनात तुमच्या पेटीवर गाणारे आप्पा आता ऐंशीच्या पुढं गेलेत. काळी एकला त्यांचा आवाज पोचत नाही, पांढरी एक धरली तर तो तिच्या थोडा वर राहतो. दोन पट्ट्यांच्या मधे कुठंतरी त्यांचा सा आहे आणि तिथं पेटीला पट्टीच नाही. मागच्या महिन्यात अभंग अर्ध्यावर आलेला असताना ते थांबले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "बास गं पोरी. हितनं पुढं तुम्ही म्हणा. मी नुसता टाळ धरतो." पखवाजवाल्यानं हात आवरला. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. कामाला बसते, उठते, पेटीचं झाकण उघडते, लावते. आप्पांचं गाणं थांबलं तर मंडळात तुमच्या वेळचं असं काय उरतं, हा विचार काही केल्या जात नाही.

उपाय टॅबवर सापडला. त्यात सुरांचं एक ॲप आहे. काचेवर पट्ट्या उमटतात आणि अख्खं सप्तक केसभर खाली-वर सरकवता येतं. टॅब घेऊन खासबागला आप्पांच्या घरी गेले. "आप्पा, तुमच्या सोयीनं सा लावा," म्हटलं आणि ॲपचा सा हळूहळू त्यांच्यापाशी नेऊन ठेवला. आजवर तेच पेटीकडं चढत किंवा उतरत आले होते. मागं थांबलेला तो अभंग ते शेवटपर्यंत गायले. मग वाकून टॅबच्या खालून, मागून बघायला लागले.

"ह्येला भाता न्हाय. मग वारा कोण घालतंय गं?"

"बॅटरीवर चालतंय, आप्पा."

"म्हंजे बॅटरी उतरली की आमची तोंडं बंद!"

"न्हाय, चार्जिंगला लावायचं."

"व्हय? मग मला पण लाव की जरा."

पण काचेवर बोटाला काही कळत नाही, अण्णा. पट्टी कुठं संपते, दुसरी कुठं सुरू होते, ते डोळ्यांनीच बघावं लागतं. डोळे काचेवर ठेवले की आप्पा कुठं थांबतायत, कुठं श्वास घेतायत, ते सुटतं. आणि मला तर तुम्ही पट्ट्या बघू दिल्याच नव्हत्या. आपलं स्वयंपाकघर. आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही पेटी चुलीपासून लांब सरकवून ठेवलीय आणि तिच्या पट्ट्यांवर साडीचा तुकडा पसरताय, विणताना खोट आली म्हणून कापून काढलेला. "आता वाजीव." मी चुकते. हळूच कापडाचं टोक उचलते. तुम्ही कापडावर तळहात दाबून धरता. "पट्ट्या काय बघतीस? त्या कुठं पळून जात न्हाईत. गाणारा पळतोय. त्येच्या तोंडाकडं बघ." हे तुमच्यात कुठून आलं ते मला कारखान्यात डबा पोचवायला यायला लागल्यावर कळलं. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही. तरी तुम्ही आणि आप्पा दिवसभर बोलत असायचात, एकमेकांच्या ओठांकडं बघून. हसायचात सुद्धा. आवाज न ऐकता ज्याचं बोलणं कळतं, त्याचं गाणं एक क्षण आधी कळणारच.

तेव्हा बोटाला कळतील अशा पट्ट्या हव्या होत्या. गावातल्या वाद्यांच्या दुकानात गेले. तिथं कळलं की टॅबला जोडायच्या नुसत्या पट्ट्याही मिळतात, त्यांना मिडी कंट्रोलर म्हणतात. त्यांना स्वतःचा आवाज नसतो, बोटांनी काय केलं एवढं त्या टॅबला कळवतात. दुकानदारानं आधी साध्या कडक पट्ट्यांचा एक काढला. "नोड्री आक्का, ह्ये बघा, ऑर्केस्ट्रावाले सगळे ह्येच नेतात." कापडाखालीही ओळखू येतील अशा कडा, पण आवाज सगळा आघातावर. जोरात मारलं की मोठा, हळू मारलं की बारीक, आणि एकदा मारल्यावर सुराला वाढवणं नाही की निववणं नाही. मी वाजवत होते आणि दुकानदार हसायला लागला. "आक्का, डावा हात कुणाला वारा घालतोय?" बघते तर माझा डावा हात हवेतच भाता मारत होता.

मग त्यानं दुसरा काढला. रबरासारखा मऊ, पट्ट्यांच्या जागी नुसते उंचवटे. बोट टेकवलं की सूर येतो, दाबत नेलं की फुलतो, हलवलं की थरथरतो. आणि बोट न उचलता सरकवलं तर एका सुरातून दुसऱ्यात घसरत जातो, अगदी गळ्यासारखा. अण्णा, ध्रुवपदाच्या शेवटी आप्पा निषादावरून खाली येतात ती जागा तुम्हाला आठवत असेल. पेटीवर ती कधीच निघाली नाही. तिथं तुम्ही बोट उचलून गप्प बसायचात. मला नेहमी वाटायचं, तुमच्यासारख्या वाजवणाऱ्यालाही पेटी तिथं मुकं करते. दुकानात उभ्या उभ्या मी ती जागा काढली. मग एकावर मन ठरेना. दुकानदार ओळखीतला, म्हणाला, "दोन्ही न्या, शनिवारपर्यंत एक परत आणा."

दोन्ही आप्पांकडं नेले. आधी मऊ जोडला. ध्रुवपद आलं, आप्पा खाली यायला निघाले आणि मी त्यांच्या बरोबरीनं बोट सरकवलं. हुबेहूब आलं. आप्पा थांबले.

"ते कशाला वाजीवलंस?"

"चांगलं न्हाय झालं?"

"झालं की. लई चांगलं झालं. पण मग तितं मी काय करू?"

त्यांनी टाळांची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. "तुझा अण्णा तितं बोट उचलायचा. मला म्हणायचा, जा, आता एकटाच जा, मी खाली उभा हाय."

म्हणजे पेटीला येत नव्हतं म्हणून तुम्ही गप्प बसत नव्हतात. एकदा भजनात मी त्या रिकाम्या जागेत चार सूर भरले होते. तुम्ही हात लांब करून भाताच बंद केलात, सगळ्यांसमोर. मला वाटलं होतं, सूर चुकले. विचारलंही नाही.

मग कडक पट्ट्यांचा जोडला. त्याच्या डाव्या अंगाला एक छोटं चाक आहे, ते ॲपमध्ये आवाजाला बांधता येतं. फिरवलं की धरलेला सूर वाढतो, सोडत आणलं की निवतो. डाव्या हाताला काम मिळालं. पट्ट्यांवर मी रुमाल टाकला आणि आप्पांच्या तोंडाकडं बघत वाजवलं. ध्रुवपदाच्या शेवटी बोट उचललं. आप्पा एकटे खाली उतरले, जरा कापत, पण पोचले. गुरुवारी मंडळातही पोचले. पखवाजवाला म्हणाला, "आप्पा, नवी पेटी लई मानवली की तुम्हास्नी!" तर म्हणतात, "पेटी कुटली? तिनं बोट उचललं बघ."

निवड झाली, सगळं मार्गी लागलं. तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. आप्पांचा गळा तिथं आणखी किती दिवस पोचेल? शनिवार होऊन गेला. मऊ पट्ट्यांचा तो खोका मी परत केलेला नाही. दुकानदाराला फोन करून सांगितलं, दोन्ही ठेवते. दुपारी घरात कुणी नसलं की तो टॅबला जोडते, ध्रुवपदाच्या शेवटापर्यंत येते आणि तुम्ही बोट उचलायचात तिथं माझं सरकवते.