डाव्या डोळ्याचे मार्क

१ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून रोज लिहायचं. खरं तेच, आणि वेळ टाकून.

काल आत्याला डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. चार वर्षं तिचे डोळे कोरडे पडतायत. पापणीखाली वाळू भरल्यासारखं खुपतं म्हणते. तीस वर्षं रफूचं काम. एकेक धागा उचलताना तास तास पापणी लवत नाही, मग डोळे सुकतील नाहीतर काय. डॉक्टरबाईंनी नेहमीचंच सांगितलं. दिवसातून सहा वेळा थेंब, कोमट शेक, आणि आठवणीने पापण्या मिटायच्या.

मी विचारलं, फिश ऑइलच्या कॅप्सूल? मी मेडिकलच्या दुकानात काउंटरवर असते, त्यामुळे असे प्रश्न मला सुचतात. त्या म्हणाल्या, मोठी ट्रायल झालीये त्याची. निम्म्या लोकांना माशाचं तेल दिलं, निम्म्यांना साधं ऑलिव्हचं. वर्षभराने दोन्हीकडच्यांना सारखंच बरं वाटलं. म्हणजे कॅप्सूलचा वेगळा असा गुण दिसला नाही. घ्यायच्या तर घ्या, पण थेंब सोडू नका.

घरी येऊन शांतपणे विचार केला. दोन्ही तेलांनी बरं वाटलं. म्हणजे दोन्ही तेलं लागू पडतात. इतकी सरळ गोष्ट एवढ्या शिकलेल्या माणसांच्या लक्षात येऊ नये, याचं वाईट वाटलं.

२ मार्च, संध्याकाळी ६.३०
ठरलं. प्रयोग मीच करणार. साठ दिवस.

फार्मसीची प्रवेशपरीक्षा माझी दोनदा हुकली, पण ती मार्कांनी. पद्धतशीरपणात मी कुणाला ऐकणार नाही. हा गुण आत्याचाच. लहानपणी दम लागायचा म्हणून चौथीपर्यंत मला शाळेत घातलं नव्हतं. आत्याने तिच्या टेबलाशेजारी बसवून मला सगळं शिकवलं. तिचे डोळे बरे करणं हे माझं कर्तव्य आहे.

३ मार्च, सकाळी ८.००
अडचण अशी, की थेंब आणि कॅप्सूल दोन्ही चालू ठेवले, तर गुण कशाचा ते कळणार कसं? पहाटे उपाय सुचला. कॅप्सूल पोटात जाते, ती दोन्ही डोळ्यांना पोचणार. थेंब फक्त उजव्या डोळ्यात घालायचे. डावा डोळा नुसत्या कॅप्सूलवर. एकाच बाईत दोन पेशंट.

(दुरुस्ती: काल ६.३० लिहिलंय, घड्याळ चार मिनिटं पुढे होतं.)

आत्याकडून रीतसर संमतीपत्रावर सही घेतली. तिने न वाचताच केली. म्हणाली, अगं बये, डोळा तुझाच समज, पण आज ओट्यावरचं दूध तेवढं बघ. दादा वीजकंपनीत मीटर तपासतो. तो म्हणाला, आत्ये, हिने डोळ्यावर रीडिंग घ्यायला सुरुवात केली की माझी नोकरी गेली.

पद्धत: रोज संध्याकाळी सहाला विचारायचं, किती खुपतंय, दहापैकी. आजचे मार्क: उजवा ७, डावा ७.

९ मार्च, ६.०५
उजवा ६, डावा ६. सहा दिवसांत.

१२ मार्च, ६.००
डाव्या डोळ्यातून दुपारपासून पाणी वाहतंय. कोरड्या डोळ्याला पाणी सुटलं, आणखी पुरावा काय हवा. आत्या म्हणाली, झोंबतंय गं. तिला समजावलं, की इतक्या वर्षांनी नळ सुरू झाला की आधी जरा गढूळच यायचं. मार्क विचारले. ती माझ्या पेनाकडे बघत म्हणाली, पाच लिही. म्हणजे उतार चालूच आहे.

शेजारच्या काकूंनी तिला डोळे पुसताना पाहिलं आणि जिन्यात मला गाठून विचारलं, काय बोललीस तिला. मी काही बोलले नव्हते. तरी तीन वेळा आठवून बघितलं.

१७ मार्च, दुपारी १.४०
एक उणी बाजू नोंदवते. आत्याला ढेकर येतात आणि ढेकरांना मासळीचा वास येतो. काल टेलरमास्तर रफूचे कपडे न्यायला आले, नाक मुरडत म्हणाले, बाई, कोट दिले होते की कोळंबी. आत्या इतकी ओशाळली. मी त्यांना सांगितलं, की हा दर्जेदार कॅप्सूलचा वास आहे. ते म्हणाले, गिऱ्हाइकाला तसं लेबल लावून देऊ का.

दुकानाच्या मालकांना वही दाखवली. चष्म्यावरून बघून म्हणाले, अक्षर छान आहे. कॅप्सूलच्या कंपनीचा एम.आर. आला की त्याला दाखवावी असं मनात आहे.

२६ मार्च, ६.२०
उजवा ५, डावा ३.

हे आकडे मी दोनदा ताडून पाहिले. ज्या डोळ्यात थेंब घालतो तो मागे आणि ज्यात घालत नाही तो पुढे. निष्कर्ष मला नको होता, पण आकड्यांपुढे माझा इलाज नाही. थेंब अडथळा आणतायत.

उद्यापासून उजव्याचेही थेंब बंद. बाटली मी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली.  आत्या म्हणाली, उजवा राहू दे ना गं, मला कामाला तोच लागतो. मी म्हटलं, आत्या, मधेच माया आली की प्रयोग फसतो. ती बरं म्हणाली. ती नेहमीच बरं म्हणते.

४ एप्रिल, ६.००
उजवा ५, डावा २. उजवा थेंबांशिवायही बिघडला नाही. मी म्हटलं होतंच.

डावा थोडा लाल दिसतो. म्हणजे रक्तपुरवठा वाढला. वहीत नवा रकाना आखला, "गुलाबीपणा".

दादाने विचारलं, दाखवून आणूया का. त्याला सांगितलं, की पुढची अपॉइंटमेंट साठ दिवस पूर्ण झाल्यावर, दोन मेची आहे. मधेच डॉक्टरांनी काही केलं तर पाच आठवड्यांचं पाणी. तो म्हणाला, तू बोलतेस मोठ्या बाईसारखी आणि ऐकतेस भिंतीसारखी.  त्याला विज्ञानाची सवय नाही.

१४ एप्रिल, दुपारी ३.१५
वाईट दिवस, पण प्रयोगाशी संबंध नाही.

टेलरमास्तर एक काळा लोकरी कोट घेऊन परत आले. एका बाईच्या वारलेल्या वडिलांचा. कसरीने सात ठिकाणी खाल्ला होता, तिला तो हिवाळ्यात स्वतः घालायचाय. आत्याने गेल्या आठवड्यात करून दिला होता. मास्तरांनी तो खिडकीत धरला. सातही रफू दिसत होते. दोन ठिकाणी धागा एकाऐवजी दोन धाग्यांवरून गेलाय. मास्तर नेहमी चेष्टा करतात, आज केली नाही. एवढंच म्हणाले, बाई, तुमचं काम शोधायला मला भिंग लागायचं. आज लांबूनच दिसलं.

तीस वर्षांत आत्याचं काम परत आलं नव्हतं. ते गेल्यावर तिने कोट मांडीवर घेतला आणि डावा डोळा तळहाताने झाकून बघितला. मग उजवा झाकून बघितला. मग कोट घडी करून ठेवला. म्हणाली, हे काम गेलं तर मी दिवसभर करू काय गं, तुम्हा दोघांची तोंडं बघत बसू?

मी नीट तपास केला. दोष ट्यूबलाइटचा आहे. कडेला काळी पडलीये. उद्या बदलते.

१५ एप्रिल, ६.१०
ट्यूबलाइट बदलली. आत्या म्हणाली, छान उजेड पडला. उजवा ५, डावा १.

२१ एप्रिल, ६.०२
डावा ०.

शून्य. मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, अगदी खरं सांगते, काहीच नाही, जणू डोळा नाहीच तिथे. हे वाक्य तसंच्या तसं उतरवून घेतलंय, अहवालात सुरुवातीला घालता येईल.

मग एक गोष्ट अशी झाली, की कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. तिच्या डाव्या बुबुळावर पापणीचा एक केस पडला होता. आरामात बसला होता. तिला पत्ताच नाही. मी रुमालाच्या टोकाने काढला, टोक बुबुळाला घासलं, तरी तिची पापणी हलली नाही. माझ्याच डोळ्यात पाणी आलं, तिच्या नाही. केवढी सुधारणा. दादाला सांगितलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला आणि बूट घालून बाहेर गेला. शून्य मार्क मिळवून कुणी पास होतं हे त्याला पचलं नसावं.

२५ एप्रिल, सकाळी ९.३०
डाव्या बुबुळावर पांढरा ठिपका. मोहरीएवढा. माझा अंदाज, तेल साठत असावं. डोस कमी करायचा का ते मालकांना विचारेन. मार्क ०.

२७ एप्रिल, सकाळी ८.५०
ठिपका मोठा. दादाने काल कुणालाही न विचारता अपॉइंटमेंट घेतली. उद्या अकराची. छप्पन्न दिवसांवर प्रयोग मोडतोय हे त्याला सांगून उपयोग नाही. वही घेऊन जाते. शून्याच्या पानाला खूण घातली आहे.

२८ एप्रिल, दुपारी २.२५
डॉक्टरबाईंनी कापसाचा बारीक पीळ करून उजव्या डोळ्याला लावला. आत्या दचकली. डाव्याला लावला. ती समोरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. पुन्हा लावला. तिने विचारलं, लावताय ना?

डॉक्टरबाई हळू बोलल्या. डोळा फार दिवस कोरडा राहिला की बुबुळाच्या नसा मरतात. मग खुपत नाही, दुखत नाही, पाणी येत नाही. माणसाला वाटतं बरं झालं. ठिपका ही जखम आहे, खोल आहे, आणि तिला कळलीच नाही. आता या डोळ्याला बोटं दाखवली तर मोजता येत नाहीत. जखम भरली तरी डाग राहील. उजवा शाबूत आहे.

मग आवाज चढवून विचारलं, थेंब घालत होतात ना?

मी वही उघडत होते. आत्या म्हणाली, नाही हो, मीच कंटाळा केला. पोरगी रोज मागे लागायची, मीच हट्टी.

डॉक्टरबाई तिला खूप बोलल्या. ही दोन पोरं तुमच्यासाठी धावतायत आणि तुम्ही या वयात असला आळस करता, लाज वाटायला हवी, असंसुद्धा म्हणाल्या. आत्या मान खाली घालून हो हो म्हणत होती. दादा माझ्याकडे बघत होता.

मोठी माणसं बोलत असताना मधे बोलू नये. मी वही मिटून पिशवीत ठेवली.

२ मे, सायंकाळी ५.४५
डाव्या डोळ्याच्या पापण्या बाहेरच्या बाजूने शिवून टाकल्या, म्हणजे उघडा भाग कमी राहील आणि जखम भरेल. तीन टाके. भूल उतरल्यावर आत्याने आरसा मागितला. उजव्या डोळ्याने बराच वेळ टाके पाहिले आणि म्हणाली, बाई हुशार आहे, पण दोरा जाड घेतला.

दादा हसला आणि मग तोंड धुवायला गेला.

४ मे, सकाळी १०.००
दादाने आत्याच्या सुयांच्या डब्यात थेंबांची बाटली पाहिली. अर्धी संपलेली. आत्याने कबूल केलं, की वरच्या फळीवरची बाटली तिने दुसऱ्याच दिवशी स्टूल घेऊन काढली. उजव्यात ती चोरून घालत होती. तुला वाईट वाटू नये म्हणून बोलले नाही, म्हणाली. दादाने विचारलं, मग डाव्यात का नाही घातलेस? ती म्हणाली, त्याच्यावर मी सही केली होती ना. आणि नंतर तो काही मागतच नव्हता.

मी विचारलं, निदान आकडे तरी खरे होते का. म्हणाली, पहिले पंधरा-वीस दिवस आपले मनाचेच. तू पेन धरून अशी बसायचीस, सात कुठे सांगणार तुला. मग पुढे खरंच कमी होत गेलं.

कुठल्या तारखेपासून, असं मी विचारलं. तिला आठवत नाही. म्हणजे संपूर्ण वही बाद. दोन महिने मी संध्याकाळी कुठेही गेले नव्हते.

७ मे, दुपारी १२.१५
टेलरमास्तर आले, पण पिशवी रिकामी होती. चौकशी करून गेले. आत्या त्यांच्यासमोर सुईत दोरा ओवून दाखवायला बसली. एका डोळ्याने अंतर कळत नाही, दोरा सुईच्या अलीकडूनच जात होता. चौथ्या खेपेला मास्तर म्हणाले, राहू द्या बाई, आता सगळे नवेच कोट घेतात. जाताना काळा कोट घेऊन गेले. दुसरीकडे देणार असतील.

१२ मे, दुपारी १२.४०
टाके तपासायला नेलं. जखम भरतेय. दृष्टी येणार नाही. डॉक्टरबाईंनी आत्याला पुन्हा एकदा, या वेळी हसत, झापलं. आता तरी ऐकाल ना भाचीचं? आत्या म्हणाली, ऐकते हो. माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

बाहेर बाकावर बसून केसपेपर वाचला. त्यात लिहिलंय: रुग्णाने १ मार्चपासून स्वतःच्या मनाने थेंब बंद केले.

हे चूक आहे. थेंब ३ मार्चला बंद झाले. मी रिसेप्शनवर गेले, रांगेत उभी राहिले आणि तारीख दुरुस्त करून घेतली. बाकीचा मजकूर डॉक्टरबाईंचा आहे. त्यात आपण हात घालणं बरं दिसत नाही.