पाचवा हात

सातपूर, नाशिक
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

ती. ज्ञानेशदादास मैनाचा नमस्कार.

'इकडे सर्व ठीक' असं लिहिता येत नाही, म्हणून घडलं ते क्रमाने लिहिते.

१. ६ तारखेला सायखेड्याला मळ्यात आप्पांना चक्कर आली. दुसऱ्या दिवशी नाशकात द्वारकेजवळच्या दवाखान्यात दाखल केलं.
२. हृदयाची एक झडप निकामी झाली आहे. ती बदलायची. ऑपरेशन गुरुवारी, २७ तारखेला.
३. धोका किती, असं मी विचारलं. डॉक्टरांनी आकडा दिला नाही. "वय आणि साखर बघता कमी नाही," एवढंच म्हणाले.
४. तुला नऊ वेळा फोन केला. तू उचलला नाहीस. म्हणून हे पत्र, स्पीड पोस्टाने.

आई दवाखान्यातच असते. भंडाऱ्याची पुडी आप्पांच्या उशाखाली ठेवते. नर्स ती काढते, आई परत ठेवते. काल नर्स म्हणाली, "आजी, चादर पिवळी होते." आई म्हणाली, "होऊ दे. माणूस पांढरा पडण्यापेक्षा बरं."

आप्पा शांत आहेत. दुपारी जेवून दीड तास झोपतात, घोरतातसुद्धा. मी विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाले, "वाटती ना, लय वाटती. देवावर भरवसा हे म्हणून भीती कुठं जाती? पण भीती असली तरी झोप लागती, एवढंच." मला आठ दिवस नीट झोप नाही.

आता तळीचं. पुढच्या बुधवारी, २६ तारखेला, चंपाषष्ठी आहे. तू गेल्यापासून आपल्या घरची खंडोबाची तळी चारच जण उचलतात: आप्पा, धनराजकाका आणि काकांची दोन्ही मुलं. पाच हात लागतात, शेजारचं कुणी घ्या, असं काका दरवर्षी म्हणतात. आप्पा ऐकत नाहीत. "ती जागा ज्ञानेशची हे." यंदा आप्पाही नाहीत. त्यांच्या जागी मी ताटाला हात लावणार आहे. बाईमाणसानं तळी उचलायची का, यावर दवाखान्यातच काका चिडले. आप्पा झोपल्या जागेवरून म्हणाले, "देव हात बघतो धनराज, बांगड्या नाय मोजत."

मी देव मानते की नाही, हे तुला ठाऊक आहे. निदान तीन वर्षांपूर्वीचं ठाऊक आहे.

त्या वेळचंच लिहायचं होतं. दोनदा कागद फाडला.

सवितावहिनीला डेंग्यू झाला त्या संध्याकाळी तू कामावरून आलास, तेव्हा आप्पा म्हणाले, "देवावर भरवसा ठेव, सकाळी नेऊ." तू तेवढंच ऐकलंस. त्याआधी अर्धा तास आप्पा गाडी काढत होते. प्लेटलेटचा रिपोर्ट माझ्या हातात होता. एक लाख चार हजार. मी म्हटलं, आकडा ठीक आहे, सकाळी परत तपासू. मी शिकलेली, म्हणून त्यांनी गाडीची किल्ली खिळ्याला परत अडकवली. सकाळी उशीर झाला होता.

कंपनीत मी साध्या पिनेचं मापसुद्धा तीनदा घेते. त्या दिवशी एका मापावर बोलले.

तेराव्याला तू देवापुढचं भंडाऱ्याचं ताट लाथाडलंस. "तुमच्या देवानं मारली तिला," असं आप्पांना म्हणालास. मी दारात उभी होते. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली वाकून भंडारा गोळा करू लागले. तेव्हाही बोलले नाहीत, नंतरही नाहीत.

काल मी त्यांना सांगितलं, दादाला सगळं लिहिणार. म्हणाले, "कशाला? त्याला एक बहीण तरी राहू दे."

तरी लिहिलं. ते गुरुवारी आत जातील तेव्हा माझी चूक त्यांच्या नावावर राहू नये.

राग माझ्यावर धर, तो बरोबर आहे. पण बुधवारी, २६ तारखेला सकाळी अकरा वाजता सायखेड्याला ये. तिथून दवाखान्यात जाऊ. भंडारा आप्पांना तू लावावास, असं त्यांनी म्हटलेलं नाही. मी म्हणते आहे.

येणार की नाही, ते रविवारपर्यंत, २३ तारखेपर्यंत, कळव. नाही असेल तरी कळव. तुझ्या जागी दुसरं कुणी घेणार नाही.

तू मानशील तर तुझी बहीण,
मैना