भट्टीचे घर नवऱ्याकडे जाऊ नये म्हणून

मी, शकुनबाई सुखराम कापगते, वय साठीच्या आसपास, धंदा मुरमुऱ्याची भट्टी, राहणार लाखांदूर, जिल्हा भंडारा, आपल्या मनाने हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी नशा पाजलेली नाही. दम देणारे आहेत, पण ते हा कागद होऊ नये म्हणून देतात, व्हावा म्हणून नाही.

मला अक्षर सहीपुरते येते. म्हणून मी सांगते आणि जागेश्वर गुरुजी लिहितात. माझी बोली ते पुस्तकी करतात, ते मी चालू देते. पण जे कोणी बोलले ते त्याच्याच तोंडचे राहू द्या, असे त्यांना बजावले आहे.

माझी छाती अधूनमधून कोणी पाय ठेवल्यासारखी दाबते. दवाखान्यातल्या निर्मलाबाई नर्स म्हणतात, औषध घ्या आणि भट्टीपुढे बसू नका. औषध घेते. मला भीती वाटते, हे पहिल्यांदा लिहा, असे मी गुरुजींना म्हटले. ते म्हणाले, मृत्युपत्रात भीती लिहायची नसते. मी म्हटले, "मंग दुसऱ्या कशापायी लिहून राहिलो आपण?" तेव्हा त्यांनी लिहिले.

कलम १. घर. लाखांदूरच्या एसटी रस्त्यावरचे कौलारू घर, पुढची पडवी, भट्टी आणि मागची विहीर धरून. पुढे रस्ता, रस्त्यापलीकडे भैयाजीचे चहाचे हॉटेल, मागे बोडी म्हणजे लहान तळे, उजव्या हाताला धुरपता भाजीवालीचे घर. हे घर मला गिरजाबाईंनी बक्षीसपत्र करून दिले. कागद रजिस्टर आहे. यात माझ्या माहेरचे काही नाही आणि सासरचे तर काहीच नाही.

गिरजाबाई कोण ते लिहिणे जरूर आहे, कारण आता तिला पाहिलेली माणसे थोडी उरली. ती विधवा होती आणि याच भट्टीवर तापल्या रेतीत मुरमुरे भाजायची. माझ्या नवऱ्याने, सुखरामने, लाकडाने माझे मनगट मोडले. धानाच्या बांध्यांतून चालत मी या रस्त्याला लागले, तेव्हा माहेरी जायचे की बोडीत, हे ठरलेले नव्हते. गिरजाबाईने मला पडवीतून पाहिले. नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. म्हणाली, "आंधी खा. मंग सांग." मी खाल्ले. सांगायला मला बरेच महिने लागले. सुखराम दोनदा न्यायला आला. दोन्ही वेळा ती झाऱ्यात तापलेली रेती घेऊन दारात उभी राहिली. पुढे त्याने दुसरी बायको केली आणि यायचा थांबला.

गिरजाबाई गेल्यावर मीही तेच केले. मी काही संस्था काढली नाही, पाटी लावली नाही. मार खाल्लेली बाई आली की आधी जेवण. निर्मलाबाई जखम धुतात आणि कोणाला सांगत नाहीत. कंडक्टर लोक अशा बाईला तिकीट मागत नाहीत, गाडी बरोबर माझ्या दारापुढे उभी करतात. धान निघाले की शेजारपाजारच्या घरून टोपलीभर धान येते, कोणाचे ते विचारायचे नाही. आणि भैयाजी समोरून रस्त्यावर नजर ठेवतो. अनोळखी माणूस आमच्या दाराकडे बघत उभा राहिला की तो मोठ्याने ओरडतो, "दूध नासलं वो!" आम्ही आतून कडी घालतो. त्याच्या हॉटेलातले दूध फार नासते, अशी बाहेरगावच्या गिऱ्हाइकांची तक्रार आहे.

कलम २. हा कागद आताच का. यंदाच्या पावसाळ्यात चिखल्याहून पंचफुला आली. सोबत चार वर्षांची मुलगी. नवरा भोजराज, खाणीकडे ट्रक चालवतो. तिच्या पाठीवर काय होते ते मी लिहीत नाही, निर्मलाबाईंनी पाहिले आहे. चिखला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून आम्हाला वाटले तो इतक्या दूर येणार नाही.

त्याच सुमारास टेकचंद येऊ लागला. टेकचंद म्हणजे सुखरामच्या दुसऱ्या बायकोचा मुलगा. मी त्याला कधी मांडीवर घेतले नाही, पण तो मला मोठी माय म्हणतो. पडवीत बसायचा, कौले बघायचा, विहिरीत डोकवायचा. "मोठी माय, तब्येत कशी आहे तुही? छाती दुखते म्हणतात." त्याला कोणी सांगितले कोण जाणे. त्याच्या बोलण्यात वावगे काही नसायचे, आणि तो गेल्यावर मला जेवण जायचे नाही.

एक दिवस तो भैयाजीच्या हॉटेलात एका माणसासोबत चहा पिताना दिसला. भट्टीशी बसलेल्या पंचफुलाने फटीतून पाहिले आणि तिच्या हातचा झारा पडला. तो भोजराज होता. त्या दिवसापासून तो यायचा, बाकावर बसायचा आणि आमच्या दाराकडे बघायचा. शिवी नाही, हाक नाही. भैयाजीने एकदा विचारले, "काहून बसून राहिला बाबू?" तो म्हणाला, "चहा पिऊन राहिलो. पैसे देतो ना?" चहा पिणाऱ्याला उठवणार कसे? आम्ही दिवसा कडी घालून राहू लागलो. मुलगी अंगणात जायची बंद झाली. पंचफुला भाकर हातात घेऊन बसायची आणि तशीच ठेवून द्यायची.

बाजाराच्या दिवशी भट्टीवर गिऱ्हाईक असते, दार लावता येत नाही. त्या दिवशी दुपारी भैयाजी साखर आणायला बाजारात गेला होता. टेकचंद पिशवीत सीताफळे घेऊन आला. "मोठी माय, वावरातले आहेत, खा." नात्याच्या माणसाला दारात कसे अडवायचे? मी सरकून वाट दिली. त्याच्या मागोमाग भोजराज आत आला.

पंचफुला कढईपाशी होती, दाराकडे पाठ. तिला कळायच्या आत त्याने मुलीला उचलले. म्हणाला, "चाल. जीप उभी आहे."

मुलगी रडली नाही. तिने आवाजच केला नाही, फक्त तिचा झगा ओला झाला आणि पाणी त्याच्या बुटावर पडले. रुखमाने, जी माझ्याजवळ सर्वांत जास्त वर्षे आहे, झाऱ्यात रेती घेतली. पण मुलगी त्याच्या छातीशी होती. रेती टाकायची कोणावर? मला ओरडायचे होते. छातीतून हवाच निघेना. टेकचंद सीताफळाची पिशवी धरून भिंतीला टेकला होता, जसे त्याचे तिथे काहीच नाही.

पंचफुला उठली. पदर नीट केला. म्हणाली, "पोरीले खाली ठेवा. मी येते."

मार खाऊन आलेल्या खूप बाया मी पाहिल्या आहेत, पण ते "मी येते" मला अजून ऐकू येते.

आम्हाला वाचवले ते भट्टी गप्प झाल्याने. धुरपता शेजारी भाजी निवडत होती. बाजाराच्या दिवशी झाऱ्याचा आवाज थांबतो कसा, म्हणून ती पाहायला आली, आणि एकदा आत बघून रस्त्यावर पळाली. "दूध नासलं! दूध नासलं वो!" भैयाजीचे शब्द तिच्या तोंडून सगळ्या बाजाराने ऐकले. पहिल्यांदा ज्या आल्या त्या टोपल्यावाल्या बाया. त्यांनी कोणाला हात लावला नाही. त्या आमच्या दारात बसल्या. एक बसली, तिच्याजवळ दुसरी, मग उंबरठा, पडवी, पायरी सगळी भरली. रस्त्यावर एसटी उभी होती, तिच्या ड्रायव्हरने गाडी जीपच्या तोंडापुढे आणून बंद केली. उतारू उतरले. कोणी एक म्हणाला, "आता कसा जाशीन?"

भोजराजला बाहेर जायचे तर बायांच्या अंगावरून जावे लागणार होते. त्याने उंबरठ्यापासून जीपपर्यंत पाहिले. मग त्याने मुलीला खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. "म्हातारे, तू किती दिवस जगशीन? मी वाट पायतो." टेकचंदने त्याला हळूच म्हटले, पण मी ऐकले, "कायले घाई करता? उद्या घर आपलंच होते."

बायांनी त्यांना जायला वाट दिली. इतकी लहान, की दोघांना आडवे होऊन जावे लागले.

कलम ३. टेकचंदचे ते वाक्य मला कळले नाही, म्हणून मी भंडाऱ्याला जाऊन वकील गाठला. वकिलांनी विचारले, "नवरा आहे?" आहे. "कोर्टातून काडीमोड?" नाही. "मूलबाळ?" नाही. त्यांनी चष्मा काढला. "मग बाई, तुम्ही काही लिहून न ठेवता गेलात, तर घर नवऱ्याचं. तो नसला, तर त्याच्या वारसांचं." म्हणजे ज्याच्यापासून पळून मी या दारात आले, तोच या दाराचा मालक. आणि आत जी कोणी लपलेली असेल, तिला टेकचंद भोजराजच्या हातात देईल.

म्हणून मी जाहीर करते की वरील घर, भट्टी आणि विहीर माझ्यामागे रुखमा आणि निर्मलाबाई या दोघींच्या सामाईक मालकीची होतील. त्यांनी ते विकू नये, गहाण ठेवू नये, आणि जोपर्यंत मारलेल्या बाया या रस्त्याने येतात तोपर्यंत त्यांना ठेवून घ्यावे. त्या दोघींनी आपल्यामागे अशाच एखादीचे नाव लिहून ठेवावे. तोंडी सांगण्यावर राहू नये. या कागदाची अंमलबजावणी जागेश्वर गुरुजी करतील.

कलम ४. सुखराम. वकिलांनी सांगितले की ज्याला द्यायचे नाही त्याचे नाव घेऊन लिहा, नाहीतर विसरली असे म्हणतील. मी विसरलेली नाही. सुखराम कापगते याला आणि टेकचंद याला माझ्या घरातून, भांड्यांतून, विहिरीच्या पाण्यातून काहीही नाही. लग्नातली काळी पोत डब्यात आहे, ती सुखरामकडे परत पाठवावी. तो आता खाटेवर असतो, हात कापतात म्हणतात. मला त्याची भीती वाटत नाही, असे मी लिहायला सांगितले होते. गुरुजींनी लिहिल्यावर मीच ते पुन्हा खोडायला लावले, कारण ते खोटे आहे.

कलम ५. सामान. मोठी कढई आणि लांब दांड्याचा झारा रुखमाकडे. रेती बोडीची नाही, नदीची आहे, ती फेकू नये, जुनी रेती चांगली तापते. माझे लुगडे आणि घोंगडी पुढे जी रिकाम्या हाताने येईल तिला. बारीक चाळण किराणावाल्याच्या बायकोला, जी आम्हाला टाकलेल्या बाया म्हणते आणि मुरमुरे मात्र आमच्याकडचेच घेते. तिच्या वहिनीला आम्ही मागच्या दाराने घेतले होते, हे तिला माहीत आहे. भैयाजीला काही देत नाही. साक्षीदाराला देऊ नये असे गुरुजी म्हणतात, आणि भैयाजीला साक्षीला मीच बसवले आहे.

पंचफुला आणि तिची मुलगी आता इथे नाहीत. कुठे पाठवले ते लिहीत नाही. हा कागद उद्या कचेरीत टेकचंदही वाचेल. टेकचंद, वाचून राहिला असशील, तर इतके समज की ते मलाही सांगितलेले नाही. मी सांगू नका म्हटले.

कलम ६. माझी मयत. हे कलम सगळ्यात जपून वाचावे. मला सगळ्यात जास्त भेव या दिवसाचे आहे.

मयतीच्या घराचे दार कोणी लावत नाही. मयतीला आलेल्याला कोणी अडवत नाही. नवरा जिवंत असता मेलेली बाई सवाष्ण, आमच्यात तिचे हिरवे लुगडे आणि कुंकू नवऱ्याच्या घरून येते. टेकचंद ते घेऊन येईल. रडत येईल. त्याच्यामागून चार माणसे येतील आणि गर्दीत कोणाला कळणार नाही की कोण कोणाला शोधून राहिले.

म्हणून माझा जीव जाताच, रडणे सुरू होण्याआधी, मला खाटेसकट उचलून रस्त्यापलीकडे भैयाजीच्या हॉटेलात न्यावे. आंघोळ तिथे, तिरडी तिथे. त्यांनी लुगडे आणले तर नेसवू द्यावे, कुंकू लावू द्यावे. रुखमाने आणि घरातल्या बायांनी माझ्यासोबत यायचे नाही. आतून कडी घालावी. रडायचे ते आत रडावे. माझ्या नावाने कोणी हाक मारली, तरी उघडू नये.

हे ऐकून रुखमा भांडायला लागली. "माय, मंग तुह्या तोंडात शेवटचं पाणी कोण टाकंन?"

मी म्हटले, "आताच टाक."

ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. सगळ्यांसमोर मी तिच्या हातचे पाणी प्यायले. ते पाणी झाले, असे धरावे. त्यासाठी दार उघडू नये.

हे सर्व गुरुजींनी मला दोनदा वाचून दाखवले. बरोबर आहे. माझ्या हाताने सही करते.

(सही) शकुनबाई सुखराम कापगते

आमच्यासमोर बाईंनी सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर:

साक्षीदार १. (सही) भैयाजी लांजेवार, चहाचे हॉटेल, लाखांदूर
साक्षीदार २. (डाव्या अंगठ्याचा ठसा) धुरपता बुराडे, भाजी विक्री, लाखांदूर

लिहिणार: (सही) जागेश्वर दिघोरे, निवृत्त शिक्षक

ठिकाण: लाखांदूर, जिल्हा भंडारा
तारीख: २७ नोव्हेंबर १९८६