नव्वद घोडे आणि एक पेटी

चाकण,
चैत्र वद्य पंचमी, शके १८७८

तीर्थस्वरूप दाजी मारुतराव यांच्या पायांशी मेहुणा सोपान याचा दंडवत.

देवाच्या कृपेने इकडची सर्व माणसे खुशाल आहेत. माणसेच म्हणतो, कारण मोटारीचे पुढे लिहायचे आहे. आपला गुडघा कसा आहे? आक्काचा खोकला उतरला का? तळवड्याला पाणी पुरते आहे ना? आणि आपल्या शर्यतीच्या बैलजोडीची तब्येत कशी आहे? (हे सहजच विचारले.)

आपल्या चि. इंद्रायणीला लग्नानंतर मामाच्या मोटारीतून खेडला पोचवीन, असे मी साखरपुड्यात भर पंगतीत बोललो. त्यावर तिचे होणारे सासरे, “मोटार चालती का?” असे विचारून जिलबी हातात धरून हसले होते. आपण ते विसरला असाल. मी विसरलो नाही.

प्रश्न तसा रास्त होता. माझी मोटार उतारावर चांगली चालते. चढ आला की माणसे उतरतात आणि मोटार त्यांच्या मागून येते. इंजिन तीस घोड्यांचे, आणि त्यांतले निम्मे घोडे म्हातारे. म्हणून ज्योतीराम मिस्त्रीने लष्कराच्या लिलावातून ट्रकचे इंजिन आणले, नव्वद घोड्यांचे. ते मावेना, तेव्हा पुढचे झाकण कापले. आता ते वरून डोकावते, लहान भावाचा सदरा घातलेल्या पैलवानासारखे. ज्योतीराम मात्र डोके खाजवत म्हणाला, “अण्णा, इंजिन बसलं, पन गेअरची पेटी जुनीच हाय. तीस घोड्यांची पेटी नव्वद घोडं कुठवर झेलंल?”

मी शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या बाबांनी तीन वेळा बैल बदलले, पण जू तेच ठेवले. बैल दांडगा आला म्हणून कोणी जू बदलतो का, असे मी त्याला विचारले. तो पाना पुसू लागला (मी ते हरणे समजलो). मग तो म्हणाला, “पेटी किती पेलती ते नुसतं इंजिनावर न्हाई, पायावर बी हाय. सपाट रस्ता, हलकी गाडी, क्लच हळू सोडला, तर वर्स काढंल. भरल्या वज्याला पहिल्या गेअरात हिसका दिला, की संपलं.” संध्याकाळी देवळात बसून मी यावर पुष्कळ विचार केला. विचार चांगला झाला, उपयोग काही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा केली. इंजिनाला हळदकुंकू वाहिले, हार घातला, नारळ फोडला. पेटी खाली पोटात असते, तिच्याकडे कोणी वाकूनसुद्धा पाहिले नाही. देवाकडे मी इंजिनाला बळ मागितले, ते त्याने दिले. न मागितलेलेही तो पुष्कळदा देतो, पण त्याला गेअर कळत असतील असे मला वाटत नाही (त्याने माफ करावे).

तीन दिवस मोटार अशी पळाली की कोंबड्यांनी रस्ता सोडला. चौथ्या दिवशी भामा नदीच्या वाळूत आमच्या शेजारच्या सयाजीची कांद्याने भरलेली गाडी आसापर्यंत रुतली होती. मला पाहून तो म्हणाला, “या! तुमचं नव्वद घोडं कामाला बी येत्यात का निस्तं वरातीत नाचवायचं?” काठावर निम्मे गाव जमले होते. दोर बांधला, पहिला गेअर टाकला. पुढे जे झाले त्याचा दोष मी ज्योतीरामच्या पायाला देतो. क्लच एकदम सुटला, जात्यात खडे पडावेत तसा आवाज झाला, आणि नव्वदच्या नव्वद घोडे जागच्या जागी खिंकाळत राहिले. चाक तसूभर हलले नाही.

पेटी उघडली तर तेलात गेअरचे दात सांडलेले. घरी ते डब्यात ठेवताना हिने विचारले, “हे पुन्हा येत्यात का?” मी डब्याचे झाकण घट्ट लावले.

सयाजीने बैल बदलून आणले, आधी कांदे ओढून काढले, मग मोटार, आणि तीच जोडी मोटारीला जुंपून आम्हाला दारापर्यंत आणले. वाटेत आमच्या आळीतल्या सुभद्राबाईंनी बैलांना कुंकू लावले आणि माझ्या मोटारीकडे पाहून म्हणाल्या, “आता कशी शान्यासारखी चालतीया!”

तेव्हापासून मनात येते, की बळ मिळवणे सोपे असते. ते चाकापर्यंत नेणारे जे मधे असते, त्याचे हाल कोणी विचारत नाही. आपला राग आणि घराचे चाक यांच्यामध्ये आक्का तीस वर्षे उभी आहे. तिचे दात शाबूत आहेत, हे मला रोज नवल वाटते. असो.

तेव्हा मोटारीचा नाद मी सोडला आहे. पोरीला बैलगाडीतून पोचवू, हसणाऱ्यांनी हसावे. लहानांना आशीर्वाद.

आपला,
सोपान

ता. क. इंद्रायणी परवा केळवणाला आली होती. म्हणाली, “मामा, मी चालत बी जाईन, पन तुमाला कुनी हसल्यालं मला न्हाई चालायचं.” मी तिच्या पानात आणखी एक पोळी वाढली. तरी लग्नाच्या आदल्या दिवशी आपली जोडी इकडे पाठवावी. बैल पुढे, मोटार मागे आणि इंजिन चालू. आवाज नव्वद घोड्यांचा येईल. खेडच्या अलीकडे उतार आहे, तिथे बैल सोडू, म्हणजे व्याह्यांच्या दारात मोटार आपल्या पायांनी जाईल.

आणखी ता. क. पाकीट चिकटवून देवापुढे ठेवले होते, पण दिवा लावताना हात थांबला, म्हणून उघडले. भामेच्या वाळूत क्लचवर पाय माझा होता. ज्योतीराम कांद्याची गाडी मागून ढकलत “अण्णा, हळू! हळू!” असे ओरडत होता. तरी बैलांबरोबर आपला गडी जरूर पाठवावा, आणि मी कितीही मागितला तरी कासरा माझ्या हाती देऊ नये, असे त्याला बजावून ठेवावे.