भांडता येईल इतकाच वेग

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. फोनवर मी सुरू झाले की ‘आली आमची घंटी, लागली वाजायला’ म्हणत तू फोन ठेवून देतोस, तेव्हा म्हटलं, यंदा लिहूनच बोलावं. सायकलच्या हंगामाची आखणी झाली एकदाची. तू शिकवलंस तशीच, शेवटाकडून मागे येत. आधी धरणाला वळसा घालून घाट चढायची मोठी फेरी ठेवली, तिच्या अलीकडे विश्रांतीचा आठवडा, मग त्याआधीचे महिने एकेक करून आखले. तीन आठवडे अंतर वाढवायचं, चौथ्यात हात आखडता घ्यायचा. वाटेत खाण्याचाही सराव करायचा, कारण गेल्या वर्षी भुकेने माझे डोळे पांढरे झाले होते. ध्येय मात्र बदललंय. वेळेच्या मागे लागणार नाही. फेरी संपवून घरी आल्यावर स्वतःचा चहा स्वतः करण्याइतकं त्राण उरलं पाहिजे, बस्स. नवरा म्हणतो, हे फारच अवघड आहे, एरवीही चहा तोच करतो.

लांबच्या फेरीला अजून तुझाच नियम पाळते, भांडता येईल इतकाच वेग. धाप न लागता भांडण पूर्ण करता आलं तर वेग बरोबर, नाहीतर गिअर हलका करायचा. काय काय भांडलोय आपण धरणाच्या त्या रस्त्यावर! खिडकीजवळचा पलंग कुणाचा, आईचं लाडकं कोण. मागून बाबा यायचे आणि दोघांनाही गप्प करायचे. बाबा गेले आणि तू सायकल गॅलरीत टांगून ठेवलीस. विचारलं की गुडघा पुढे करतोस. दादा, जिने चढताना तुझा गुडघा कधी कुरकुरलेला मी पाहिला नाही. बाबा ज्या वयात हृदयाच्या झटक्याने गेले, त्या वयाला तू आता टेकलायस, एवढं मलाही कळतं.

मध्यंतरी एक गोष्ट झाली, ती तुला सांगितली नाही. टेकडीवरून उतरत होते. छातीला बांधलेल्या पट्ट्यामुळे ठोक्यांचा आकडा हँडलवर दिसतो ना, तो अचानक भलताच वर गेला. मी पायडलही मारत नव्हते.  सायकल आडवी टाकून कठड्यावर बसले आणि पहिली आठवण बाबांची आली. नवऱ्याला बोलावून घेतलं, आईला कळू दिलं नाही. तपासणीची तारीख येईपर्यंत सायकलला हात लावला नाही. आखणी तशीच अर्धी पडून होती.

डॉक्टरबाईंनी अंगभर तारा लावून मला पळवलं, हृदयाची सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, हृदय ठणठणीत आहे. मी त्यांच्यासमोरच ढसाढसा रडले. मग त्यांनी विचारलं, त्या दिवशी अंगात काय घातलं होतं? तुझी जुनी जर्सी! ती मला तंबूसारखी होते. उतारावर वाऱ्याने ती पट्ट्यावर फडफडत राहिली आणि पट्ट्याचा सगळा हिशोबच चुकला. इतके दिवस मी एका ढगळ जर्सीला घाबरून बसले होते. नवरा अजून हसतोय. हसू दे. एवढं हलकं मला बाबा गेल्यापासून वाटलं नव्हतं. त्याच संध्याकाळी आखणी पुरी केली.

पण पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही. बाबांचं ऐकल्यावर बाईंनी लगेच विचारलं, भावाने तपासून घेतलंय का? मी म्हटलं, नाही. तुझ्यासाठी येत्या शनिवारची वेळ घेऊन ठेवली आहे. मी बरोबर येणार, नाही म्हणायची सोय नाही. जे निघेल ते निघेल, निदान मनातल्या मनात झुरणं तरी संपेल. त्या म्हणेपर्यंत सायकलला हात लावू नकोस. त्यांनी होकार दिला की मात्र ती खाली काढ. जर्सी धुऊन ठेवली आहे, तुझी तू घेऊन जा. त्या रस्त्यावर हल्ली तुझ्या वाट्याचंही मीच बोलते आणि प्रत्येक भांडण मीच जिंकते. कंटाळा आलाय रे.

तुझीच,
घंटी