दिलावरचा खांदा

दुखान, कतार
१२ जानेवारी १९५८

ती. ताहेरबुबूस दिलावरचा सलाम, वि. वि.

हाफिजभावोजी आणि मी इथं खुशाल. अमेरिकन ड्रिलरांसोबत काय खेळतोस, विचारलं होतंस. बेसबॉल. बॅट मुसळासारखी गोल. मी सगळ्यांच्या मागे, लांबच्या मैदानात. उंच आलेला चेंडू धावत झेलायचा नि थेट परत फेकायचा.

परवा सौदीतल्या दहरानच्या तेल कंपनीच्या संघाचा मॅनेजर आला होता. तिथं खेळणं हीच नोकरी. कुंपणापासून फेकलेला माझा चेंडू टप्पा न पडता पोचला, तसा तो उठून उभाच राहिला. मार्चपासून ये म्हणाला. नाव झालं तर अमेरिकेलाही नेतात. फक्त डॉक्टरचा दाखला हवा. भावोजी हापिसात आहेत, तेच पाठवतील.

तुझी माया या धाकट्या भावावर अशीच राहो.
दिलावर

दाभोळ
३ फेब्रुवारी

चि. दिलावरला बुबूच्या दुवा.

मुसळाला नोकरी मिळते हे मला आधी का नाही सांगितलंस? घरात सगळे पोट धरून हसले. पण अमेरिकेचं नाव वाचून जीव हलला. आपला वलीदादा बोटीवर गेला तो तिकडचाच झाला. अम्मी वाट बघत गेली. तरी मी अडवणार नाही. अल्ला तुझं भलं करो.

जिवाला जपून राहा.
तुझी बुबू

दुखान
२५ मार्च

ती. बुबूस सलाम.

दहरानने नकार कळवला. दाखल्यात होतं, खांदा निकामी. डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, त्यांनी तंदुरुस्त लिहिलं होतं. दुसरा कागद हापिसात टाइप झाला. भावोजींना धरलं. आधी नाही-नाही म्हणाले, मग रडले नि तुझं पत्र पुढे केलं. काहीही करा, पण त्याला जाऊ देऊ नका, असं तुझ्या अक्षरात. तारीख तीन फेब्रुवारी. एकाच दिवशी मला दुवा आणि त्यांना हे.

दहरानला खरं कळवलं. जागा भरली होती.

दिलावर

दाभोळ
१४ एप्रिल

चि. दिलावरला दुवा.

मीच लिहिलं. यांना बोल लावू नकोस. जाऊ नको म्हटलं असतं तर तू थांबला असतास, ठाऊक होतं मला. पण मग जन्मभर माझ्यावर राग धरला असतास. मला तू हवा होतास, तुझा राग नको होता. घरी ये.

बुबू

दुखान
९ मे

ती. बुबूस सलाम.

बकरी ईदची रजा मिळाली, येतो. उतरणार मात्र तुझ्याकडे नाही, रबियाखालाकडे. तुला भेटेन, तुझ्या हातचं जेवेन. मनातलं काही विचारू नकोस, सांगणार नाही.

लोभ आहे. भरवसा मागू नकोस.
दिलावर