कांदळवनाचे अकरा बाण

सोमवार, ६ जानेवारी
शुक्रवारी मुख्याध्यापिका मृणालिनी मॅडम माझा तास बघायला बसणार. तास चांगला झाला की प्रोबेशन संपेल, नोकरी पक्की. सातवी ब, विषय अन्नजाळे. खाडीतल्या कांदळवनाचा तक्ता केला: पान, कोळंबी, चिंबोरी म्हणजे खेकडा, बोय आणि जिताडा हे मासे, बगळा, घार. पुठ्ठ्याचे अकरा बाण, टाचण्यांनी लावलेले. तक्ता वर्गातल्या सॉफ्टबोर्डवर टांगला. साकीनाक्याच्या कंपनीत चार वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलंय. तिथला नियम साधा: जो दुसऱ्यावर अवलंबून, बाण त्याच्यापासून निघतो. म्हणजे बगळ्याकडून बोयीकडे. पाठ्यपुस्तक उघडायची गरज पडली नाही.

मंगळवार, ७ जानेवारी, सकाळी ७.१०
अकराही बाण उलटे. एखादा आपोआप फिरेल, अकरा फिरत नाहीत. पूर्ववत केले. फोटो काढला.
गेल्या वर्षापर्यंत हा धडा केयूर शिकवायचा. मधल्या सुट्टीत जवळ आला आणि हळूच म्हणाला, "कल्पिता, बाण एकदा बघून घे ना यार."
म्हणजे त्याला माहीत आहे. बघितलेत, म्हटलं.

बुधवार, ८ जानेवारी
पुन्हा उलटे. पुन्हा पूर्ववत.
तासाला पूर्वीने हात वर केला. "मॅडम, ते बाण..." शंका शेवटी, म्हटलं. शेवटी बेल झाली. पूर्वी केयूरच्या सायन्स क्लबमध्ये आहे. लक्षात ठेवायला हवं.
शाळा सुटल्यावर बाणांना निळ्या खडूची पूड चोळली. उद्या हात बोलतील.

गुरुवार, ९ जानेवारी
उलटे. पूड पुसलेली.
स्टाफरूममध्ये केयूरचे तळवे पाहिले. स्वच्छ. "भविष्य सांगतेस का गं?" म्हणाला. इतके स्वच्छ हात शिक्षकाचे नसतात. संशय वाढला.
पुतळाबाईंची बोटं निळी होती. या आमच्या शिपाई मावशी. मनोरीहून फेरीबोटीने येतात, घरची मासेमारीची होडी आहे. पण त्या रोज सगळे फळे पुसतात, म्हणून यादीतून वगळल्या. तक्त्यासमोर थांबून त्यांनी विचारलं, "बाई, बोय बगळ्याच्या पोटात जाते ना?" हो, म्हटलं. "मग झालं तर." विषयाची आवड दिसते.
बाण पूर्ववत केले. तक्ता रिक्षाने घरी आणला. आता लाव म्हणावं हात.

शुक्रवार, १० जानेवारी, दुपारी १.४०
तक्ता जसाच्या तसा पोचला. फोटोशी ताडून पाहिला, एकही फरक नाही.
मृणालिनी मॅडमनी पूर्वीलाच सांगितलं, हा तक्ता वाचून दाखव. ती उभी राहिली, माझ्याकडे बघितलं, मग वाचलं. "बोयीने बगळा खाल्ला. पानाने चिंबोरी खाल्ली."
मागच्या बाकावरून कोणीतरी, "पान डेंजर आहे रे!"
मॅडमनी वर्ग गप्प केला. मग बाण कसा हवा, असं पूर्वीला विचारलं. ती म्हणाली, "बाण खाणाऱ्याकडे हवा ना मॅडम. अन्न तिकडे जातं."
मॅडमनी पाठ्यपुस्तक उघडून माझ्यासमोर ठेवलं. बाण खाणाऱ्याकडे. मी आवृत्ती तपासली. चालू वर्षाची होती.

शनिवार, ११ जानेवारी
प्रोबेशन सहा महिने वाढलं. पत्र पुतळाबाईंनी आणून दिलं, सोबत चहा.
रिकाम्या सॉफ्टबोर्डकडे बघत म्हणाल्या, "मी तीनदा सरळ केले होते, बाई. संध्याकाळी झाडताना. सकाळी बघते तर पुन्हा उलटे."
मला का नाही सांगितलं, विचारलं.
"त्यात काय सांगायचं? म्हटलं पंख्याने फिरत असतील. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुम्ही कशाला उलटे लावाल?"
चहा प्यायले. पंख्याची शक्यता मी तपासलीच नव्हती.